साठीनंतर स्वतःच्या गाडीने नाशिक ते स्पिती: कोणत्या बाजूने चढायचं?

दुसरा_गिअर (इंदिरानगर)

नमस्कार मंडळी, हिमाचलातल्या स्पितीहून आल्यापासून जॉगिंग ट्रॅकवर, भिशीत, अगदी भाजीवालीपाशी सुद्धा तेच तेच सांगून घसा बसलाय म्हणून हा धागा काढतेय, ज्यांना जायचंय त्यांनी वाचा आणि खुशाल विचारा. आम्ही दोघंही रिटायर्ड, मी शाळेत गणित शिकवायचे, हे नोट प्रेसला होते. दोघांची साठी उलटलीय, यांना बीपीची गोळी, मला गुडघे. गाडी डिझेल, मॅन्युअल, ती छोटी एसयूव्ही म्हणतात ना तसली, फोर बाय फोर वगैरे काही नाही. चालवतो दोघंही पण घाटात मीच, कारण हे घाटात रस्ता कमी आणि दरी जास्त बघतात.

आधी मुद्द्याचं. व्हिडिओ टाकणारी पोरं सांगतात मनाली ते काझा, म्हणजे स्पितीतलं मुख्य गाव, एका दिवसात होतं, दोनशे किमी तर आहे. होतं, नाही असं नाही. पण आपल्या वयाच्या माणसाने त्या बाजूने चढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मनाली २०५० मीटर, मध्ये कुंझुमची खिंड ४५५१ मीटर आणि त्याच रात्री झोपायचं काझाला साडेतीन हजारांच्या वर. आपलं कळसूबाई, अख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात उंच, ते १६४६. आणि नाशिक सहाशेच्या आसपास. म्हणजे जन्मभर जे शरीर सहाशे मीटरवर राहिलंय त्याला एका दिवसात तिकडे नेऊन टाकायचं आणि वर म्हणायचं डोकं का दुखतंय.

शिमल्याकडून गेलात तर रस्ता लांब आहे, काझापर्यंत सव्वाचारशे किमीच्या आसपास, पण चढ हळूहळू मिळतो. शिमला, नारकंडा, मग खाली सतलजच्या काठाने रामपूर, तिथून सराहनला भीमाकाली, मग कल्पा. कल्पा २९६० मीटर, तिथे दोन रात्री नक्की काढा, समोर किन्नर कैलास दिसतो आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसलं की झालं, काही बघायला पळावं लागत नाही. मग नाको बघून ताबोला मुक्काम, मग काझा. आणि उतरायचं मनालीकडून. तेव्हा शरीर तयार झालेलं असतं आणि तसंही आपण खालीच चाललेलो असतो. कुंझुम साधारण जून ते ऑक्टोबर उघडा, पण बर्फ पडला की लवकर बंद होतो, तेव्हा सप्टेंबर आमच्या मते बेस्ट. पावसाळ्यात जाऊच नका. स्पितीत पाऊस फारसा नाही पण तिथे पोचायचा रस्ता किन्नौरातून किंवा कुल्लूतून जातो आणि जुलै २०२३ मध्ये बियासने कुल्लू मनालीच्या हायवेचं काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय.

इकडून तिकडे जायचा रस्ता थोडक्यात: धुळे, सेंधवा, इंदूर, उज्जैन, झालावाड, कोटा. कोट्याहून लालसोट गाठलं आणि तिथून दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवेने दौसा, सोहना. मग केएमपी म्हणजे कुंडली-मानेसर-पलवल एक्स्प्रेसवेने दिल्ली बाहेरच्या बाहेर टाळून कुंडली, पानिपत, अंबाला. यात सांगण्यासारखं फार नाही, सपाट रस्ता आहे आणि एक्स्प्रेसवेवर झोप येते हाच काय तो धोका. पानिपतला मात्र काला आंबला गाडी वळवली. एवढ्या जवळून जायचं आणि १७६१ च्या जागेवर थांबायचं नाही हे काही मनाला पटेना. शांत बाग आहे, स्तंभ आहे, आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय एक साताऱ्याकडचं कुटुंब होतं, बाकी शुकशुकाट.

बाकी प्रश्न आले की लिहिते.

सिडको_रायडर

काकू रिस्पेक्ट!! पण मनाली साईड एवढी पण वाईट नाही हो, आम्ही मित्र मित्र बाईकवर गेलो होतो, सकाळी चारला मनाली सोडलं, संध्याकाळी काझा. रात्री दोघांना उलट्या झाल्या आणि एक जण रात्रभर भिंतीला टेकून बसला होता पण सकाळी ओके सगळे. सिनियर लोकांनी पण ऑक्सिजनचा कॅन बरोबर ठेवला की काय टेन्शन.

स्टेथो

वरच्या प्रतिसादातलं 'सकाळी ओके' हे नशीब आहे, नियम नाही. मी डॉक्टर आहे, कॉलेज रोडला प्रॅक्टिस करतो, दर वर्षी असे दोनचार पेशंट जाण्याआधी विचारायला येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तीन हजार मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीनचार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर आराम, हा सगळीकडे मानला जाणारा नियम. दिवसा वर जाऊन या, हरकत नाही, रात्री झोपता कुठे ते महत्त्वाचं. ताईंनी कल्पाहून ताबो, म्हणजे २९६० वरून ३२८०, आणि मग काझा असं केलंय ते अगदी बरोबर आहे.

डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं हे सुरुवातीचं. असं वाटलं तर आणखी वर जायचं नाही, एवढं पाळलं तरी बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं. पण बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, चालताना तोल जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी खाली उतरा. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी होण्याची ती लक्षणं आहेत आणि त्यावर खरा उपाय खाली उतरणं हाच.

तो ऑक्सिजनचा कॅन काही मिनिटांत संपतो, तो असला म्हणून वर चढायचा परवाना मिळत नाही. डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाईड ही गोळी उंचीच्या त्रासावर उपयोगी आहे, पण सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरला सांगा, किडनीचा त्रास असेल तर मनाने घेऊ नका, आणि बीपीच्या गोळ्यांत आधीच लघवीची गोळी असेल तर दोन्हीचा मेळ बघावा लागतो. म्हणून डोस इथे लिहीत नाही. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, सोडा बेचव लागतो, ते घाबरण्यासारखं नाही. झोपेची गोळी आणि दारू पहिले काही दिवस बंद. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते रात्री गाडीत ठेवू नये, गोठलं की फेकून द्यावं लागतं.

गोदाकाठची

ताई धागा मस्त. एक विचारू का, कोणी विचारत नाही म्हणून मीच विचारते, टॉयलेटचं काय? माझे गुडघे पण गेलेत आणि आमच्या ह्यांना तर दर दोन तासांनी लागतं.

दुसरा_गिअर

गोदाकाठची, अगं हाच खरा प्रश्न आहे, बाकी सगळे उगाच टायरबद्दल बोलतात.

रामपूरपर्यंत काही अडचण नाही, ढाबे आहेत. पिओ (कल्प्याच्या खालचं रेकाँग पिओ) सोडलं की मात्र पुढे तासन् तास काही नाही, म्हणजे आडोसा हाच. मी एक जुनी नववारी... हो हसू नकोस, जुनी सुती नववारी आणि दोन मोठ्या चिमट्या घेतल्या होत्या, गाडीचे पुढचे मागचे दरवाजे एकाच बाजूला उघडायचे, त्यावर साडी अडकवायची, झालं. वारा जोरात असतो म्हणून चिमटे हवेतच. हे दुसऱ्या बाजूला उभे राहून बसगाड्यांकडे लक्ष ठेवायचे.

राहायच्या ठिकाणी बुकिंग करताना फोनवर सरळ विचारायचं, कमोड आहे का, अ‍ॅटॅच्ड आहे का. कल्पा, ताबो, काझा इथे मिळतं. गावातल्या होमस्टेत पारंपरिक कोरडं संडास असतं, वरून माती नाहीतर राख टाकायची, त्याचं पुढे शेताला खत होतं. कल्पना फार चांगली आहे, वासही येत नाही, पण बसायचं उकिडवं, तेव्हा गुडघेवाल्यांनी विचार करा. आणि रात्री लागलं तर एकदम उठून पळायचं नाही, आधी पलंगावर मिनिटभर बसायचं मग उठायचं, त्या उंचीवर गरगरतं.

अंबडचा_पाना

ताई तुमचा आयडी बघूनच कळलं की तुम्हाला घाट उतरता येतो 😄 मी गाड्यांचंच काम करतो, थोडं लिहितो कारण दर सीझनला एकतरी गाडी येते, 'हिमाचलला ब्रेक लागेनासे झाले' म्हणून.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं. ओलावा आत गेला की त्याचा उकळायचा पॉईंट खाली येतो. आपल्याकडे कसारा उतरता, सापुतारा उतरता, दहा पंधरा मिनिटांत घाट संपतो, त्यामुळे कळत नाही. तिकडे तास दीड तास उतार असतो, तुम्ही पाय ब्रेकवर ठेवून उतरलात की डिस्क तापते, ऑईल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल सरळ आत जातं. मग देवाचा धावा. म्हणून दोन वर्षं झाली असतील तर जायच्या आधी ब्रेक ऑईल बदलाच, फार खर्चाचं काम नाही. आणि उतारावर ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा, सेकंड, कुठे कुठे फर्स्ट. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे महाभाग अजून आहेत, त्यांना कोपरापासून नमस्कार. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल मोड नाहीतर एल वापरा, डी मध्ये ठेवून नुसतं ब्रेक मारत उतरू नका.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी अ‍ॅडब्लू (धूर स्वच्छ करणारं युरियाचं पाणी) निघतानाच फुल करा, काहींच्या गाडीत ते लागतं, तिकडे शोधत बसू नका. स्टेपनीतली हवा बघा, ती कोणीच बघत नाही.

दुसरा_गिअर

अंबडचा पाना, अगदी अगदी. आम्ही जिथे सर्व्हिसिंग करून घेतलं तिथल्या पोराने कागदावर सगळ्यावर टिक मारली होती, स्टेपनीवर पण, आणि घरी येऊन यांनी गेज लावलं तर निम्मी हवा. तेव्हापासून हे कोणाच्याही टिकवर विश्वास ठेवत नाहीत.

सरावाबद्दल दोनतीन जणांनी मेसेजमध्ये विचारलंय म्हणून इथेच लिहिते. जायच्या आधी मी वणीचा नांदुरी घाट आणि सापुतारा पुन्हा पुन्हा केला, पण चढायचा उतरायचा सराव नाही, रिव्हर्सचा. सकाळी लवकर, गर्दी नसताना, हे मागे उभे आणि मी आरशात बघून पन्नास पन्नास मीटर मागे. लोकांना वाटलं म्हातारीची गाडी बंद पडली. पण तिकडे खरं लागतं ते हेच.

किन्नौरात शिरताना तरांडा ढांक म्हणून भाग आहे, तिथे डोंगर कोरून रस्ता काढलाय, डोक्यावर खडक पुढे आलेला आणि डाव्या हाताला... जाऊ दे. पुढे पूहच्या अलीकडे एका अरुंद जागी समोरून हिमाचलची सरकारी बस आली. आपण चढत होतो, म्हणजे नियमाने आधी जायचा हक्क चढणाऱ्याचा, पण बसच्या मागे दोन ट्रक आणि माझ्या मागे कोणी नाही, तेव्हा हक्क सांगण्यात काय अर्थ. कंडक्टर खाली उतरला, तोंडात शिट्टी. माझ्याकडे बघितलं, पांढरे केस बघितले आणि हात हलवून म्हणाला माताजी आप उतरो, हम लगा देंगे. मी म्हटलं तुम सिटी बजाओ. मग तो मागे गेला आणि एक लांब शिट्टी म्हणजे येऊ दे, दोन तुटक म्हणजे थांब, असं करत करत मी वळणापर्यंत मागे घेतली, डोंगराच्या बाजूला चिकटवली, आरसा मिटला, आणि बस गेली. बस जाताना तिच्या पत्र्यावरचं लिहिलेलं वाचता येत होतं एवढी जवळ. ड्रायव्हरने जाता जाता हात कपाळाला लावला. यांनी डोळे कधी उघडले ते मला माहीत नाही.

वही_पेन

मी वरच्या धागाकर्तीचा नवरा. डोळे उघडेच होते, मी नंबर लिहून घेत होतो.

हिशोबाचं खातं माझ्याकडे आहे म्हणून लिहितो. जाऊन येऊन, चितकुल आणि बाकी फिरणं धरून चार हजार किमीच्या वर जातं. पंधराचं अ‍ॅव्हरेज धरा, म्हणजे पावणेतीनशे ते तीनशे लिटर डिझेल, पंचवीस हजारांच्या पुढे मागे. टोलचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास निघालाय, २०२५ मध्ये तो ३००० रुपयांना होता, २०० वेळा किंवा वर्षभर, जे आधी संपेल ते. तो खाजगी गाडीला आणि राष्ट्रीय महामार्गावरच चालतो, राज्यांच्या एक्स्प्रेसवेला नाही, म्हणजे आपल्या समृद्धीला नाही. एवढ्या लांबच्या प्रवासाला तो काढून टाकावा, पैसे सुटतात.

रोख रक्कम बरोबर ठेवा. काझाला पंप आहे, पण पिओकडून निघताना टाकी फुल करायची आणि काझाला पुन्हा फुल करायची, मनालीच्या बाजूला उतरताना मध्ये काही नाही.

लायसन्सची तारीख बघा. पंचावन्न ओलांडल्यावर रिन्यू केलं की पाच वर्षांचंच मिळतं आणि डॉक्टरचं फॉर्म १ए लागतं. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ वर्षभर संपलेल्या लायसन्सवर गाडी चालवत होते, त्यांना इन्शुरन्सवाल्याने समजावून सांगितलं.

आणखी एक, माझ्या मते चंद्रतालला एक रात्र राहायला हवं होतं. सौ. नी ऐकलं नाही.

दुसरा_गिअर

नाहीच ऐकलं. चंद्रताल सव्वाचार हजार मीटरच्या वर आहे, तंबू, रात्री पाणी गोठतं, फोन नाही, आणि काही झालं तर तिथून बाहेर पडायचा तोच एक खडबडीत रस्ता. दिवसा जाऊन बघून येणं वेगळं. आमची तब्येत छान होती मान्य, पण छान होती म्हणून परीक्षा कशाला बघायची.

पिंपळगावकर

ताई, किन्नौरची सफरचंदं कशी आहेत यंदा? आम्ही द्राक्षवाले, आम्हाला बागा बघायला जास्त आवडतील मठांपेक्षा 🙂

दुसरा_गिअर

मग तुम्ही नारकंडा कोटगडला दोन दिवस थांबाच. सप्टेंबरात तोडा चालू असतो, रस्त्याच्या कडेला पेट्यांच्या थप्प्या, ट्रक भरताहेत, नेपाळी मजूर पाठीवर पेट्या घेऊन उतारावरून असे चालतात की आपल्याला सपाटीवर जमणार नाही. आणि बागांवर पांढरी गारपिटीची जाळी, एकेका डोंगराची अख्खी बाजू जाळीखाली. आमच्या होमस्टेवाल्यांनी यांना बागेत नेलं तर दोघं तास दीड तास गारपीट आणि विमा यावरच बोलत होते, हे काही शेतकरी नाहीत पण यांचे भाऊ दिंडोरीला द्राक्ष करतात त्यामुळे दुःख माहीत आहे. जाळीचा खर्च, मधला व्यापारी, कोल्ड स्टोरेजवाले भाव कसा ठरवतात, सगळं तंतोतंत तुमचंच. कोटगडला सफरचंद आणलं ते सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पुढे तो सत्यानंद झाला आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगातही गेला. वर पिओ कल्प्याच्या बाजूची सफरचंदं उशिरा येतात, जास्त करकरीत. आणि पिओच्या बाजारात चिलगोजे घ्या, महाग आहेत पण तिथलेच आहेत.

शालिमार_चौक

खायचं काय? आमच्याकडे सासूबाई कांदा लसूण पण खात नाहीत आणि त्यांनाच जायचंय सगळ्यात जास्त.

दुसरा_गिअर

राजमा चावल, आलू पराठा, कढी सगळीकडे. कांदा लसणाशिवाय हवं तर होमस्टेत आधी सांगितलं तर करून देतात, आम्हाला एका ठिकाणी स्पितीच्याच मटारची साधी उसळ करून दिली, इतका गोड मटार मी नाशकात कधी खाल्ला नाही. आमच्याजवळ छोटा कुकर आणि छोटी शेगडी होती. कुकर न्याच. काझाच्या उंचीवर पाणी अठ्ठ्याऐंशीच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तास तास ठेवली तरी दाताखाली येते. मी तिथल्या मुलांना कारण समजावून सांगत बसले, सवय जात नाही.

आणि चिवडा. कोंडाजीची चार पाकिटं नेली होती, काझाला डिकी उघडली तर एकेक पाकीट फुगून उशी झालेलं. बाहेरचा हवेचा दाब कमी ना. एकाला सेफ्टीपिनने बारीक भोक पाडलं, दुसरं हे म्हणाले कात्रीने उघडतो आणि सगळा चिवडा डिकीभर. अजून कार्पेटमध्ये शेंगदाणे सापडताहेत. हाच प्रकार टायरचा, तिकडे गेज लावलं तर हवा जास्त दाखवतं, थोडी कमी करावी लागते, मात्र थंड टायरला बघायची आणि खाली आल्यावर पुन्हा भरायची.

पंचवटीतला_अण्णा

सप्टेंबरात गेलात म्हणजे पितृपक्षात निघालात का? आमच्या घरी तर बूट चपला पण घेत नाहीत त्या पंधरवड्यात. बाकी तुमची मर्जी.

दुसरा_गिअर

अण्णा, गणपती विसर्जन झालं आणि दोन दिवसांनी निघालो, म्हणजे हो. आमच्या नणंदेनेही तोंड वाकडं केलंच होतं. सासऱ्यांची तिथी वाटेत आली तर यांनी रामपूरला सतलजमध्ये उतरून तर्पण केलं, भात मी कुकरला लावला, कावळाही आला. आता याहून जास्त काय करायचं सांगा. आणि पंधरवड्याचा फायदा असा की आपल्याकडच्या टुरिस्ट गाड्या त्या दिवसात कमी, खोल्या विचारायच्या आधी मिळतात.

पंचवटीतला_अण्णा

सतलजला तर्पण म्हणजे काही कमी नाही. मी मागे घेतो.

गोदाकाठची

ताई कुंझुमकडून उतरताना ते नाले असतात ना, व्हिडिओत बघून पोटात गोळा येतो. तुम्ही कसं केलं?

दुसरा_गिअर

एकच गोष्ट, वेळ. ते नाले बर्फाच्या पाण्याचे. सकाळी थंडीत वितळत नाही म्हणून पाणी कमी, ऊन चढलं की दुपारी तेच पाणी दुप्पट. म्हणून आम्ही काझा सोडलं अंधारात. लोसारला चहा, कुंझुमला सूर्य वर आला होता. तिथे देवीच्या देवळाला गाडीतूनच प्रदक्षिणा घालायची पद्धत आहे, ट्रकवाले पण घालतात, आम्हीही घातली. जोराचा वारा, यांची टोपी गेली.

मग बातल, आणि तिथून छत्रूपर्यंत रस्ता म्हणायचा म्हणून म्हणायचा, नुसते धोंडे. नाल्याच्या आधी थांबायचं. समोरून एखादी गाडी येईपर्यंत किंवा आपल्या आधीची जाईपर्यंत बघायचं, ती कुठून गेली, चाक किती बुडालं. मग फर्स्ट गिअर, एकसारखा अ‍ॅक्सिलरेटर, क्लच दाबायचा नाही आणि मध्ये थांबायचं नाही. पाणी नुसतं दिसायला मोठं असतं, आत दगड किती मोठा ते महत्त्वाचं. एका ठिकाणी हे काठी घेऊन उतरणार होते, मी म्हटलं बीपीची गोळी घेतलेला माणूस त्या पाण्यात पाय घालणार नाही, बसा. एका ट्रकवाल्याने थांबून हाताने दाखवलं, डावीकडून, डावीकडून. गेलो.

ग्राम्फूला डांबर लागलं तेव्हा गाडी एकदम मुकी झाल्यासारखी वाटली. पुढे अटल बोगदा, ९ किमीचा, २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झाला, त्यामुळे रोहतांग चढायचा त्रास वाचतो आणि त्याला परमिटही लागत नाही, परमिट रोहतांगला लागतं. बोगद्याच्या अलीकडे उघडे बोडके डोंगर आणि पलीकडे निघालो तर देवदार आणि पाऊस.

सिडको_रायडर

काकू मानलं. आता एक प्रामाणिक प्रश्न, मी आईबाबांना घेऊन जायचं म्हणतोय, बाबा ६४, शुगर आहे, त्यांनी कधी घाटात गाडी चालवली नाही, मीच चालवणार. किती दिवस काढायला पाहिजेत? माझी सुट्टी कमी आहे.

दुसरा_गिअर

सुट्टी कमी असेल तर स्पिती सोड रे बाळा. सांगला कल्पा कर, चितकुल दिवसा कर, रात्रीचा मुक्काम तीन हजारांच्या खालीच राहील, आईबाबा खूश होतील. स्पितीला न्यायचं तर चंदीगडच्या पुढेच दोन आठवडे हवेत, त्यात एक दोन दिवस रस्ता बंद म्हणून गृहीत धर. आमचा मलिंग नाल्याजवळ दरड आल्यामुळे अर्धा दिवस गेला, जेसीबी येईपर्यंत सगळे रस्त्यावर बसून, कोणी तरी सफरचंदं वाटली, एका ट्रकवाल्याने पत्ते काढले आणि हे रमीत चाळीस रुपये हरले.

दिवसाला डोंगरात दीडशे किमीच्या वर ठेवू नकोस आणि चारनंतर चालवू नकोस. आणि शुगरसाठी आधी स्टेथोंना किंवा तुमच्या डॉक्टरांना भेट. खाण्याच्या वेळा तिकडे हमखास चुकतात.

स्टेथो

बरोबर. ग्लुकोमीटर थंडीत चुकीचं दाखवू शकतं, अंगाजवळ आतल्या खिशात ठेवा. आणि वडिलांचा ईसीजी, गरज पडली तर स्ट्रेस टेस्ट, निघायच्या आठवड्यात करू नका, महिनाभर आधी करा म्हणजे काही निघालं तर वेळ असतो.

वही_पेन

सिडको रायडर, मुक्कामांची आणि पंपांची यादी माझ्याकडे वहीत आहे, फोटो काढून मेसेजमध्ये पाठवतो. अक्षर लागलं नाही तर विचार. चंद्रतालच्या पानावर सौ. नी लाल पेनाने फुली मारली आहे, तिकडे दुर्लक्ष कर.

दुसरा_गिअर

दुर्लक्ष करू नकोस.